ज्या कोपऱ्याला गिरमिट लागलं नाही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या गावात बकरे पडतात. कापायचं काम माझं, कारण तोच माझा धंदा. वाटे पाडायला मात्र मी कधी बसलो नाही. ते काम उकंडरावचं. आठ-दहा घरं मिळून एक बकरा घेतात, मग गावातल्या निंबाखाली पळसाची पानं मांडली जातात आणि उकंडराव उकिडवा बसून मटण लावत जातो. एका पानावर नळी गेली की दुसऱ्यावर काळजाचा तुकडा, चरबी सगळ्यांना सारखी, हाड कुणाला जास्त गेलं तर वर एक चांगला तुकडा. माझ्याकडं काटा होता. तो म्हणायचा, काट्याला हाड काय अन् मांस काय, सारखंच. काटा खात नाही.

या कामाची रीत सरळ होती. जो वाटे पाडतो त्यानं शेवटी घ्यायचं. बाकीच्यांनी आपल्या पसंतीनं उचलावं आणि पानावर राहील तो त्याचा. दुसरं म्हणजे वाटे पाडणाऱ्यानं बोलायचं नाही. कोणता घेऊ, असं कुणी विचारलं तरी आभाळाकडं बघायचं. ही रीत उकंडरावनं काढलेली नाही, पण त्याच्याइतकी कुणी पाळलीही नाही. गावात भावाभावांची भांडीकुंडी वाटायची असली, सामाईक विहिरीची पाळी ठरवायची असली, की लोक म्हणायचे, उकंडरावले बलाव. मी त्याला चिडवायचो, तू मेल्यावर गावातले भाऊ एकमेकांची डोकी फोडतील बे. तो म्हणायचा, तुह्या धंद्याले बरंच हाये.

आम्ही एका वर्गात शिकलो, म्हणून हे अरे-तुरे. त्याच्या नावाची गोष्ट वऱ्हाडात कुणालाही सांगावी लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. त्याच्या आधीची तीन भावंडं तान्हेपणीच गेली. चौथ्यांदा हा झाला, तेव्हा आईनं त्याला उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उकंडा, म्हणजे मरणाला वाटावं की हा टाकलेलाच आहे, कशाला न्यावा. हा जगला. पाठीवर शेषराव झाला, तोही जगला. ती तीन लेकरं मात्र वावराच्या नाल्याकडच्या कोपऱ्यात, निंबाखाली पुरलेली होती. आईनं नवस केला होता, की माझ्या उकंडाच्या नावावर हे वावर आहे तोवर त्या कोपऱ्यात लोखंड जाणार नाही. नांगर नाही, वखर नाही, साधं खुरपं नाही. झाला की तो जवळजवळ एकरभर कोपरा पडीत. हराळी आणि वेडी बाभूळ माजलेली, खाली पाल्याचा थर. मी म्हणायचो, आमच्या अख्ख्या कब्रस्तानाला एवढी जागा नाही आणि तुमची तीन तान्ही एकर अडवून बसलीत. यावर मात्र तो हसायचा नाही.

आमचं गाव मलकापूरपासून पूर्णेच्या अंगाला येतं. खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, जमीन मात्र काळी आणि खोल. त्या जमिनीत आमच्याकडं बीटी आलं तेव्हा कापूस असा फुटायचा की लोकांनी फवारणीचे पंप माळ्यावर टाकले होते. मग गुलाबी बोंडअळी आली, बीटीला न जुमानता बोंडाच्या आत जाऊन बसली, आणि माळ्यावरचे पंप खाली आले. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, पुरुषभर वाढलेली. शेषराव तिच्यात शिरून दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होता. दुकानदारानं सांगितलं तसं. संध्याकाळी घरी आला तो डोळ्यापुढं अंधार आहे म्हणत. दवाखान्यातून त्याला परत आणला तेव्हा मी दारातच होतो. उकंडराव भावाच्या पायाजवळ बसला होता आणि त्याच्या नखांत अडकलेले हिरवे डाग आपल्या धोतरानं पुसत होता. मला त्या अळीचा आला नाही इतका त्या दुकानदाराचा राग आला. आजही येतो.

मागं राहिली तानाबाई, शेषरावची बायको, आणि तिची मुलगी प्राची. तानाबाईनं उकंडरावशी कधी थेट शब्द बोललेला नव्हता. तो भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर डोईवर पदर आणि बोलणं दुसऱ्याच्या तोंडून. एका घरात राहून ती दाराआड उभी राहायची आणि प्राचीला सांगायची, मोठेबाबांना म्हणावं चहा ठेवलाय. तोही प्राचीकडं बघून म्हणायचा, आईला सांग साखर कमी टाक. मला हे पाहून हसू यायचं. माझी बिलकिस तर मला दहा घरांना ऐकू जाईल असं बोलते.

शेषरावचं वर्षश्राद्ध झालं की वाटणी होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाव कुजबुजायला लागलं. थोरल्याला शेखरसारखा कर्ता मुलगा, तो मलकापूरला जिनिंगमध्ये लागलेला. विधवेला कोण आहे? उकंडराव इतरांचे वाटे पाडतो सरळ, आता स्वतःचे कसे पाडतो बघू. हे त्याच्या कानावर गेलं. तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला. तानाबाईचा अर्धा खरोखर अर्धा असला पाहिजे, मातीच्या कणापर्यंत. आणि वावर काही बकरा नव्हे की सगळं डोळ्यांना दिसावं.

त्याच उन्हाळ्यात यास्मीन आमच्याकडं आली. देऊळघाटची पोरगी, बिलकिसच्या मावसबहिणीची लेक, कृषी विद्यापीठात माती शिकत होती. एकाच वावरात माती कुठं कशी बदलते याचा नकाशा करायचा, हा तिचा अभ्यास. खारपाणपट्ट्यातलं एकसलग वावर हवं होतं. मी उकंडरावचं दाखवलं. पऱ्हाटी उपटून झाली होती, जमिनीला हात जाईल अशा भेगा पडलेल्या. ती जीपीएसचं यंत्र हातात धरून जागा नेमायची, चौकटी आखल्यासारखी, आणि तिथं लांब दांड्याचं गिरमिट जमिनीत फिरवून वरची माती वेगळी, खालची वेगळी पिशवीत भरायची. उकंडराव दिवसभर तिच्या मागं. स्वतः गिरमिट फिरवायचा.

जेवताना ती सांगायची. सगळं वावर खोदता येत नाही, म्हणून ठरावीक ठिकाणी खोदायचं आणि मधल्या जागेचा अंदाज शेजारच्या जागांवरून बांधायचा. या विद्येला भूसांख्यिकी म्हणतात. मी म्हणालो, म्हणजे सोयरीक जमवताना करतो तशी चौकशी. ती म्हणाली, चाचा, अगदी तेच. जवळच्या शेजाऱ्याच्या शब्दाला वजन जास्त, लांबच्याच्या शब्दाला कमी. एकाच ओट्यावर बसणारे दोघं एकच बोलत असतील तर त्यांची साक्ष मिळून एक धरायची. आणि शेजार किती लांबपर्यंत खरा, हेही त्या वावराचीच माती सांगते; त्या अंतराच्या पलीकडं गेलं की कुणाच्या शब्दाला अर्थ नाही. उकंडराव घास हातात धरून ऐकत होता. ज्या माणसानं जन्मभर डोळ्यानं सारखं करून दिलं, त्याला न दिसणारंही सारखं करता येतं हे कळलं होतं. मी त्याला इतका खूश फार क्वचित पाहिला.

मग निंबाचा कोपरा आला. यास्मीननं तिथंही जागा नेमल्या होत्या. उकंडराव गिरमिट जमिनीवर ठेवून आडवा उभा राहिला. तिनं समजावलं, मनगटाएवढं भोक, लगेच बुजवू, निंबापासून लांब घेऊ. त्यानं आईचा नवस सांगितला. ती देऊळघाटात वाढलेली, कबरींचा मान तिला शिकवावा लागत नव्हता. ती थांबली. फक्त एवढं म्हणाली, "काका, मग इथलं मला कळणार नाही. शेजारचं बोलेल, ते खरं असेलच असं नाही."

"शेजारी गाळाची जमीन हाये, पोरी," तो म्हणाला. "आन हे तं कितीक वर्साची आराम केलेली. हे वंगाळ कशी निंगन?"

त्याचं म्हणणं आम्हालाही पटलं. पडीत रान म्हणजे कसदार रान, हे शेतकऱ्याचं पोर आईच्या दुधाबरोबर शिकतं. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंनी नाल्याचा गाळ, कापूस तिथं कायम बरा यायचा. वरून बघावं तर पाल्याखाली काळीभोर माती. मीसुद्धा मान डोलावली.

वर्षश्राद्धानंतर नकाशा आला. तिनं दोन कागद आणले होते. पहिल्यावर सगळं वावर रंगात, पिवळ्यापासून गडद हिरव्यापर्यंत. जितकं हिरवं तितकी माती चांगली. निंबाचा कोपरा गडद हिरवा होता. दुसऱ्यावर जवळजवळ सगळं पांढरं आणि त्या कोपऱ्यात एक लाल डाग. हा लाल रंग म्हणजे माती वाईट असं नाही, तिनं नीट सांगितलं. लाल म्हणजे इथं मला माहीत नाही. पहिला कागद या दुसऱ्याशिवाय वाचू नका. वाटणीची रेघ ओढायच्या आधी तिथं एक भोक घ्या, एकच. मी स्वतः येते.

तिच्या पाठीमागं मीही त्याला म्हणालो, घे एक भोक. तो म्हणाला, "कय्यूम, त्या नवसावर मी जगलो बे. मी मेलो तं काई नाई, पन शेखरले काई झालं तं?" असल्या गोष्टीत दुसऱ्याच्या जिवावर शहाणपण शिकवणारा मी नाही.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वाटणी झाली. वावरातच, चार पंच बसले, उकंडरावनं दोन्ही कागद बांधावर दगड ठेवून मांडले आणि दोन्ही समजावून सांगितले, लाल डागासकट. लपवालपवी काही नव्हती, हे मी मुद्दाम लिहितो. मग रेघ दाखवली. रस्त्याकडचा वाटा पिवळट, म्हणून तो मोठा पाडला. नाल्याकडचा हिरवा, म्हणून तो लहान. त्या लहान वाट्यातला मोठा तुकडा म्हणजे तो निंबाचा कोपरा. कागदाच्या हिशेबानं दोन्ही वाटे तंतोतंत सारखे होते. त्यानं त्यावर किती दिवस घालवले ते मंजुळावहिनीला, त्याच्या बायकोला विचारा. ती म्हणायची, ह्यांनी त्या कागदाशीच लग्न लावलं.

आता तानाबाईनं उचलायचं होतं. ती बाभळीच्या सावलीत पदर ओढून उभी, प्राची शेजारी. मग ती प्राचीच्या कानाशी बोलली, आणि प्राची पुढं आली.

"मोठेबाबा, आई इचारते, कोनता घेऊ?"

मी उकंडरावकडं पाहिलं. तो आभाळाकडं बघेल असं मला वाटलं, रीतच होती. पण तो त्या पोरीकडं बघत राहिला. शेषरावसारखं रुंद कपाळ आहे तिचं. आणि जन्मात पहिल्यांदा वाटे पाडणारा बोलला.

"आईले सांग, नाल्याकडचा घे. जमीन जास्त चांगली हाये. माह्या मायची जागा हाये ते."

तानाबाईनं नाल्याकडच्या वाट्यातलं ढेकूळ उचलून पदरात घेतलं. झाली वाटणी. परत येताना तो मला म्हणाला, जागा आता तानाबाईच्या नावावर गेली, म्हणजे नवस फिटला. निंबाखालचं सोडून तिनं बाकी खुशाल वाहावं. हलका झाला होता. गाडीवाटेनं चालताना जुनी लावणी गुणगुणत होता, बेसूर.

मिरगाआधी तानाबाईनं बाभळी तोडून घेतल्या आणि कोपऱ्यात पहिल्यांदा नांगर घातला. वरची वीतभर माती मऊ निघाली. सगळ्या वाट्यात बीटीचं बी टोबलं. उगवलंही छान. मग पाऊस लागला आणि कोपऱ्यात पाणी थांबलं. बाकी वावरातलं एका दिवसात जिरलं. तिथलं गढूळ पाणी तसंच. रोपं पिवळी पडली, मग तांबडी, मग सुकली. उघाड पडली तेव्हा जमिनीवर चुना शिंपडल्यासारखा पांढरा पापुद्रा आला. तानाबाईनं तूट लावली, पुन्हा बी टोबलं. तेही गेलं. खाली उतरणारं पाणी अडून पसरत होतं, त्यानं शेजारच्या तासांना, म्हणजे कपाशीच्या ओळींनाही धरलं. दोघी मायलेकी खुरप्यानं ती जमीन उकरायच्या आणि खुरपं दगडावर आपटल्यासारखं वाजायचं.

मी यास्मीनला फोन केला. तिनं येऊन गिरमिट घातलं. वितीखालीच चोपण. चिकट, घट्ट, खारानं बांधलेली माती. तिच्यातून पाणी जात नाही आणि मूळ उतरत नाही. दुरुस्त होते, ती म्हणाली, जिप्सम घालून, चर काढून, पण त्याला वर्षं लागतात. ती कुणाला दोष देत नव्हती. उकंडराव तिथंच उभा होता आणि तिच्या तळहातावरच्या मातीकडं बघत होता. तेवढ्यात सुभद्राबाई, गावातली सगळ्यात जुनी म्हातारी, काठी टेकत बांधावर आली. गर्दी दिसली की ती येतेच.

"अव, मंग काय नवल," ती म्हणाली. "तिथं काईच पिकत नव्हतं, म्हनून तं तुह्या मायनं लेकरं तिथं पुरले. पिकत्या जमिनीत कोन पुरते?"

पन्नास-साठ वर्षं आम्ही समजत होतो की लेकरं आहेत म्हणून तिथं पीक घेत नाहीत. खरं उलटं होतं, आणि हे एका म्हातारीला ठाऊक होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. पोरीनं शेजारच्या मातीला विचारलं, आम्ही शेजारच्या म्हातारीलाही विचारलं नाही. अशी आमची अक्कल.

त्या बोलण्यानं उकंडरावचा घात केला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सुभद्रेला ठाऊक होतं म्हणजे थोरल्याला ठाऊक असणारच, लेकरं पुरणारी त्याचीच माय. कागदावर लाल डाग होता. भोक मारू देत नव्हता. आणि मुख्य म्हणजे, जो कधी बोलत नाही तो त्या दिवशी बोलला. मी चार ठिकाणी भांडलो, एकाच्या गचांडीला धरलं. बिलकिस म्हणाली, गावाच्या तोंडाला तुम्ही हात किती लावणार. खरं होतं. गावाला गोष्ट हवी होती, आणि ही इतकी बरोबर बसत होती की मी गावात नवा असतो तर मलाही पटली असती.

उकंडरावनं वाटे बदलून द्यायचं ठरवलं. रस्त्याकडचा तिला, नाल्याकडचा आपल्याला. शेखर चिडला, तरी तो मागं हटला नाही. प्राचीला बोलावून निरोप दिला. पोरगी आत गेली आणि बऱ्याच वेळानं आली. मी ओसरीवरच होतो.

"आई म्हनते, उचललेला वाटा परत ठेवत नसतात."

ती रीत त्यानंच गावाला शिकवली होती. नाहीतर रोज कुणी ना कुणी आपला वाटा परत आणून टाकला असता. तो म्हणाला, आईला सांग, माझी चूक झाली. पोरगी पुन्हा आत गेली. ती परत बाहेर आली नाही. त्या वर्षी प्राचीला बुलढाण्याला नर्सिंगला घालायचं ठरलं होतं, ते राहिलं. ती आईबरोबर दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायला लागली. घराचेही दोन भाग झाले होते; शेषरावनं तिच्यासाठी आणलेली सायकल उकंडरावच्या पडवीत तशीच उभी होती आणि ती न्यायलाही तिकडून कुणी आलं नाही.

पोळा आला. करीच्या दिवशी गावातल्या निंबाखाली पानं मांडली गेली. मला वाटलं होतं उकंडराव येणार नाही, आला. खाली बसला. मी बकरा पुढं टाकला आणि त्यानं वाटे लावायला घेतले. हात पहिल्यासारखाच चालत होता, पण एक तुकडा उचलून परत ठेवायचा, पुन्हा उचलायचा. असं मी त्याला कधी करताना पाहिलं नव्हतं. लोक नुसते त्याच्या हाताकडं बघत होते. एरवी या वेळेला नळीवरून केवढा दंगा असायचा.

वाटे झाले. एकेक जण आला, पान उचललं, गेला. प्राची डबा घेऊन कडेला उभी होती. तिला पुढं हो म्हणून दोघा-तिघांनी सांगितलं, ती हलली नाही. शेवटी दोन पानं उरली, एक तिचं आणि एक त्याचं.

"उचल, बाई," तो म्हणाला.

पोरगी खाली मान घालून बोलली. आवाज इतका बारीक की मी चाकू पुसायचा थांबलो.

"आई म्हनते, मोठेबाबांनी आधी उचलावं. उरन तो आन."

उकंडराव दोन्ही पानांकडं बघत बसला. चाळीस वर्षं या निंबाखाली तो शेवटी उरलेलं घेत आला होता. आधी उचलायची त्याला सवयच नव्हती. माशा येऊन बसायला लागल्या तरी त्यानं हात पुढं केला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं त्या पोरीला, तुझ्या आईला म्हणावं, हा माणूस तसा नाही. पण रीत होती. कुणी वाटा उचलत असताना तिसऱ्यानं बोलायचं नाही.

मग त्यानं हात पुढं केला आणि एक पान उचललं. प्राचीनं दुसरं डब्यात घेतलं आणि ती घरी गेली. त्यानं कोणतं घेतलं ते मला सांगता येणार नाही. दोन्ही सारखीच होती.